फॉर्म्युला वनचे २०२६ चे नियम आणि संघांचे बदलते मालक: एका तपासनिसाचं उत्तर

कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. तिचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवतोय. तिचा प्रश्न असा: "काका, २०२६ पासून फॉर्म्युला वनचे नियम एवढे का बदलले? त्याच सुमारास ऑडी आली, कॅडिलॅक आली, मॅक्लारेन आणि मर्सिडीजमधले हिस्से विकले गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? आणि आम्ही इथे बसून यातून नेमकं काय शिकायचं?"

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. संघ कोण विकत घेणार आणि कितीला, हे बऱ्याच अंशी नियमपुस्तकातून ठरतं. नियमपुस्तकात काय लिहिलं जाणार, हे पुन्हा कोण यायला तयार आहे त्यावरून ठरतं. वर्तमानपत्रात एक बातमी खेळाच्या पानावर येते आणि दुसरी अर्थकारणाच्या, म्हणून त्या वेगळ्या वाटतात. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत इंजिनं उघडून बांधतो आणि शर्यतींमध्ये तांत्रिक तपासनीस, म्हणजे स्क्रुटिनीअर, म्हणून काम करतो. त्यामुळे माझं उत्तर इंजिनाकडे आणि मोजमापाकडे झुकलेलं असणार.

आधी तारखा बघ. २०२६ च्या इंजिनाचे नियम एफआयएच्या, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, जागतिक मोटर स्पोर्ट परिषदेनं १६ ऑगस्ट २०२२ ला मंजूर केले. २६ ऑगस्टला, दहाच दिवसांनी, बेल्जियममध्ये स्पाच्या शर्यतीच्या वेळी ऑडीनं जाहीर केलं की आम्ही येतोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्डनं रेड बुलशी करार जाहीर केला. होंडानं २०२० मध्ये आपण बाहेर पडणार असल्याचं सांगितलं होतं. मे २०२३ मध्ये तीच होंडा ॲस्टन मार्टिनसाठी इंजिन द्यायला परत आली. दहा दिवसांत कुणी इंजिनाचा कारखाना काढायचं ठरवत नाही. नियमांचा मसुदा तयार होत होता तेव्हाच बाहेरच्या कंपन्यांशी बोलणी चालू होती, आणि त्यांची मोठी अट एकच होती: एमजीयू-एच काढा.

एमजीयू-एच म्हणजे टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाच्या, शाफ्टवर बसवलेली विजेची मोटर. एक्झॉस्टमधून जी उष्णता आणि दाब वाया जातो त्यावर टर्बाइन फिरतं, आणि त्याच शाफ्टवरची ही मोटर त्यातली वीज काढून घेते. उलट चालवली तर चालकानं ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही टर्बो फिरतं ठेवते, म्हणजे पुन्हा पाय दाबला की ताकद लगेच हजर. मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत तिला मुभा होती. एवढ्या वेगानं, तापलेल्या टर्बाइनला खेटून फिरणारी बेअरिंग टिकवायची म्हणजे काय, हे ज्यानं साधी टर्बो उघडली आहे त्याला सांगायला नको. २०१४ पासून मर्सिडीज, फेरारी, रेनॉ आणि २०१५ पासून होंडा यांनी त्यावर अमाप पैसा ओतला. होंडाची मॅक्लारेनबरोबरची तीन वर्षं त्यात होरपळून निघाली. माझ्या मते इंजिनविद्येतला तो एक अप्रतिम तुकडा होता आणि तो गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण रस्त्यावरच्या गाड्यांत त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि नव्यानं येणाऱ्याला तिथे पोचायला कैक वर्षं लागली असती. एमजीयू-एच ठेवलं असतं तर ऑडी आलीच नसती, असं मी खात्रीनं म्हणेन.

आता एक पुर्जा काढला की काय काय हलतं ते बघ. सगळा २०२६ चा नियमबदल इथूनच उलगडतो.

नियमाच्या मूळ आराखड्यात पेट्रोलच्या भागाची ताकद साधारण ५५० किलोवॅटवरून ४०० वर आणली, आणि चाकांना ताकद देणारी मोटर, एमजीयू-के, १२० किलोवॅटवरून ३५० वर नेली. म्हणजे ताकद जवळपास निम्मी पेट्रोलची, निम्मी विजेची. जाहिरातीत हे छान दिसतं: "अर्धी गाडी इलेक्ट्रिक". पण बॅटरीत एका वेळी वापरता येईल अशी ऊर्जा साधारण ४ मेगाजूलच राहिली. भागाकार करून बघ. ४,००० किलोजूल भागिले १२० केलं तर ३३ सेकंद येतात. ४,००० भागिले ३५० केलं तर साडेअकरा सेकंदही भरत नाहीत. मोटर तिप्पट मोठी झाली आणि टाकी तेवढीच राहिली. वर, एक्झॉस्टमधून फुकटात वीज देणारी एमजीयू-एच गेली. मग वीज आणायची कुठून? ब्रेक लावताना, आणि वेळप्रसंगी पेट्रोल इंजिनानं मोटरला जनरेटरसारखं फिरवून. म्हणून एका फेरीत परत मिळवायच्या विजेची मर्यादा २ मेगाजूलवरून सुमारे साडेआठपर्यंत वाढवावी लागली.

तरी लांब सरळ रस्त्यावर बॅटरी संपण्याची भीती उरतेच. म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, ताशी २९० किलोमीटरच्या पुढे मोटरची परवानगी असलेली ताकद हळूहळू उतरत जाते. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्याला मात्र मूळ नियमाप्रमाणे ३३७ पर्यंत पूर्ण ३५० किलोवॅट मिळतात. ओव्हरटेक करायची सोय आता हीच. मागच्या पंखाची फळी उघडणारी डीआरएस गेली. दुसरी गोष्ट, हवेचा विरोधच कमी करायचा. पुढचा आणि मागचा दोन्ही पंख सरळ रस्त्यावर सपाट होतात आणि वळणाला पुन्हा उभे राहतात, आणि हे प्रत्येक गाडीला करता येतं. २०२२ ला आणलेले गाडीच्या तळाखालचे हवेचे बोगदे काढून तळ बराच सपाट केला, रुंदी २,००० मिलिमीटरवरून १,९०० केली, चाकांमधलं अंतर ३,६०० वरून ३,४०० वर आणलं, टायर अरुंद केले, किमान वजन ८०० वरून ७६८ किलो ठरवलं.

टीव्हीवर तुला हलणारा पंख दिसतो. त्याच्या मागे बॅटरीचा हिशोब आहे, बॅटरीच्या मागे एमजीयू-एच आहे आणि एमजीयू-एचच्या मागे जर्मनीतल्या एका कंपनीच्या संचालक मंडळाचा निर्णय आहे. मालकीची बातमी पंखापर्यंत येऊन पोचली ती अशी.

नियम लिहितो कोण, हेही थोडक्यात. एफआयए ही संघटना नियम करते आणि राबवते. खेळाचे व्यापारी हक्क मात्र तिच्याकडे नाहीत. ते तिनं २००१ मध्ये शंभर वर्षांसाठी देऊन टाकले, आणि जानेवारी २०१७ पासून ते लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीच्या हातात आहेत. एफआयए, लिबर्टी आणि संघ या तिघांमधला करार म्हणजे कॉन्कॉर्ड करार. पहिला १९८१ चा. पैसे कसे वाटायचे, नवा संघ कसा येणार, मतदान कसं होणार, हे त्यात असतं. तो करार गोपनीय असतो. मला हे खटकतं, कारण तांत्रिक नियमाचं प्रत्येक कलम जगाला वाचता येतं आणि पैशाचं कलम मात्र वाचता येत नाही.

आता माझ्या कामाच्या मुद्द्याकडे येतो. नियम कागदावर काय म्हणतो यापेक्षा तो कसा, कुठे आणि केव्हा मोजतात ते विचार. खरा नियम तिथे असतो.

२०२४ ची स्पाची शर्यत मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलनं जिंकली होती. इंधन काढून गाडी काट्यावर चढवली तर ७९६.५ किलो भरली. मर्यादा ७९८ ची. दीड किलोसाठी विजय गेला आणि तो हॅमिल्टनला मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास व्हेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या, कारण तळाची फळी ९ मिलिमीटरच्या खाली झिजली होती. ती नवी असताना १० ची असते. या दोन्हीत वाद घालायला जागा नव्हती. काटा आणि मायक्रोमीटर कुणाचं ऐकत नाहीत.

पण २०२६ साठी कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो त्याची, मर्यादा १८ वरून १६ वर आणली, तिथे वाद झाला. मर्यादा कमी ठेवली ती नव्या कंपन्यांना झेपावं म्हणून. इंजिन १.६ लिटरचं, सहा सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान साधारण २६७ सीसी. १६ च्या रेशोला पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा १७.८ सीसी, १८ च्या रेशोला १५.७. फरक अवघा दोन सीसीचा. नियमात लिहिलं होतं की मोजणी बाहेरच्या तापमानाला, म्हणजे थंड इंजिनावर होईल. मग प्रश्न उभा राहिला: थंड असताना १६ भरणारं आणि तापल्यावर धातू प्रसरण पावून त्याच्या वर जाणारं इंजिन कायदेशीर की बेकायदेशीर? मोसम सुरू होण्याआधीच कंपन्या यावरून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

हा पेच आमच्याकडे गावच्या डर्ट ट्रॅकवरसुद्धा येतो. मोटरसायकलच्या गटात कुणी तक्रार केली की समोरच्यानं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवलंय, तर शर्यत संपल्यावर हेड उघडावं लागतं. लोक घाई करतात, आत्ताच्या आत्ता मोजा म्हणतात. मी थांबतो. ॲल्युमिनियमचा बॅरल तापलेला असताना बोअर गेज लावलं तर येणारा आकडा खरा असतो, पण तो नियमाचा आकडा नसतो, कारण नियम थंड बॅरलचा आहे. स्पर्धेच्या सूचनापत्रकात कोणत्या तापमानाला मोजणार हे लिहिलेलं नसेल तर मी आयोजकाला सकाळीच लिहायला लावतो. संध्याकाळी, कुणीतरी हरल्यानंतर, ते वाक्य जोडता येत नाही. तुमच्या संघानं ही एक सवय आत्तापासून लावून घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

इंधनाचंही तसंच. पूर्वी ताशी १०० किलो इंधन एवढीच मर्यादा होती. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात डॅनियल रिकार्डोचं दुसरं स्थान याच मर्यादेवरून गेलं. आता इंधन पूर्णपणे टिकाऊ स्रोतातलं हवं, आणि प्रत्येक कंपनीच्या इंधनात किलोमागे ऊर्जा थोडी वेगळी असू शकते. म्हणून मर्यादा वजनाची न ठेवता ऊर्जेची केली: ताशी ३,००० मेगाजूल. कागदावर हे जास्त न्याय्य आहे. तपासनिसाच्या बाजूनं मात्र काम अवघड झालं, कारण किलो मोजता येतो, ऊर्जा आधी प्रयोगशाळेत ठरवावी लागते.

आता मालकीकडे. इथे एक नियम सगळ्यात मोठा ठरला, आणि तो गाडीबद्दलचा नाहीच. तो आहे खर्चाच्या मर्यादेचा.

२०२१ च्या आधी संघ म्हणजे पैसा गिळणारा धंदा होता. फोर्डनं जॅग्वारचा संघ २००४ मध्ये रेड बुलला नावापुरत्या एका डॉलरला दिला. होंडानं २००८ च्या मंदीत काढता पाय घेतला तेव्हा रॉस ब्रॉन यांनी तो संघ एका पौंडाला घेतला, २००९ मध्ये चालकाचं आणि संघाचं अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि वर्षअखेरीस तो मर्सिडीजकडे गेला. किंमत एक पौंड का? कारण घेणाऱ्याच्या गळ्यात शेकडो लोकांचे पगार आणि तळ नसलेला खर्च पडत होता. जितका खर्च कराल तितकी गाडी वेगवान, आणि शेजारचा संघ अजून जास्त करणार.

२०२१ ला मर्यादा आली: वर्षाला १४.५ कोटी डॉलर, पुढच्या वर्षी १४, मग १३.५. चालकांचे पगार, जाहिरात, वरच्या तीन अधिकाऱ्यांचं मानधन हे त्यात धरत नाहीत. रेड बुलनं पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडली. ७० लाख डॉलर दंड झाला आणि विंड टनेलच्या, म्हणजे गाडीवर वारा सोडून चाचणी करायच्या बोगद्याच्या, वेळेत १० टक्के कपात झाली. माझ्या मते दंडापेक्षा कपात जास्त लागली. २०२६ ला हा आकडा २१.५ कोटी झाला, पण तो वाढला मुख्यत्वे आधी वगळलेले खर्च आत घेतल्यामुळे. आकडा बघून खर्च मोकाट सुटला असं समजू नकोस. इंजिन बनवणाऱ्यांना वेगळी मर्यादा आहे.

खर्चाला छप्पर घातलं आणि उत्पन्न वाढत राहिलं, की मधे उरतो तो नफा. त्यात प्रवेशाची दारंही मोजकी. नव्या संघामुळे बक्षिसाच्या रकमेत वाटेकरी वाढतो म्हणून आधीच्या करारात नव्या संघानं बाकीच्या संघांना २० कोटी डॉलर भरपाई द्यायची असं ठेवलं होतं; कॅडिलॅकच्या बाबतीत आकडा ४५ कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. थोडक्यात, संघ असणं हा एक मर्यादित परवाना झाला आणि परवान्याला बाजारभाव आला.

मॅक्लारेनचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. डिसेंबर २०२० मध्ये एमएसपी स्पोर्ट्स कॅपिटल या गुंतवणूक कंपनीनं पैसे घातले तेव्हा त्या संघाची किंमत ५६ कोटी पौंड धरली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये बहारीनच्या मुमतलकात आणि अबू धाबीच्या सीवायव्हीएन या गुंतवणूक संस्थांनी बाकीचे हिस्से घेऊन पूर्ण मालकी मिळवली, तेव्हा किंमत ३०० कोटी पौंडांच्या वर गेल्याचं सांगितलं गेलं. पाच वर्षांत पाचपटीहून जास्त. २०२३ मध्ये रेनॉच्या अल्पीन संघाचा २४ टक्के हिस्सा २० कोटी युरोला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचे जॉर्ज कुर्ट्झ यांनी मर्सिडीज संघाचे प्रमुख आणि भागीदार टोटो वुल्फ यांच्या वाट्यातला भाग घेतला, मर्सिडीज संघाच्या सुमारे ५ टक्के, आणि त्या व्यवहारात पूर्ण संघाची किंमत ६०० कोटी डॉलर धरल्याची बातमी होती. हाच तो एका पौंडाचा संघ.

साताऱ्याच्या माणसाला हे समजायला लांब जायला नको. आपल्याकडे महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथे प्रिया स्कूटर बनायची. कंपनीत राज्याच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा २७ टक्के आणि बजाजचा २४ टक्के वाटा. महामंडळाचा वाटा बजाजनं किती भावानं घ्यायचा यावरचा वाद लवाद आणि न्यायालयं करत वर्षानुवर्षं चालला आणि २०१९ मध्ये मिटला. तोवर स्कूटर बनणं कधीच थांबलं होतं. तरी भांडण चालूच होतं, कारण कंपनीकडे बजाज गटातल्या दुसऱ्या कंपन्यांचे शेअर होते आणि मोल त्यांचं होतं. संघाच्या किमतीचंही असंच बघ. शेड, लेथ, विंड टनेल यांची किंमत एका बाजूला, आणि त्या संघाकडे असलेल्या हक्काची दुसऱ्या बाजूला. अब्जांचे आकडे येतात ते हक्काचे.

म्हणूनच अमेरिकेतल्या नावाजलेल्या रेसिंग घराण्यातल्या अँड्रेटींच्या नव्या संघाला जानेवारी २०२४ मध्ये नकार मिळाला तेव्हा मला नवल वाटलं नाही. एफआयएनं तांत्रिक छाननीत त्यांना पास केलं होतं, पण व्यापारी हक्कवाल्यांनी अडवलं. तोच प्रकल्प जनरल मोटर्सचा कॅडिलॅक संघ म्हणून, पुढे स्वतःचं इंजिन करण्याच्या वचनासह आला तेव्हा मार्च २०२५ मध्ये त्याला अंतिम मान्यता मिळाली. २०२६ पासून अकरावा संघ उभा राहिला, तूर्तास फेरारीच्या इंजिनावर, पेरेझ आणि बोटास या दोन अनुभवी चालकांसह. अँड्रेटी आडनावाला या खेळात किती मान आहे! तरी वजन पडलं ते इंजिन कारखान्याचं. मला तो नकार अन्यायाचा वाटला आणि अजून वाटतो. मैदानावर येऊन हरण्याचा हक्क तरी प्रत्येकाला हवा.

ऑडीनं नवा संघ काढलाच नाही, जुना सॉबर विकत घेतला. आधी थोडा हिस्सा, मार्च २०२४ मध्ये पूर्ण मालकीची घोषणा, आणि वर्षअखेरीस कतारच्या गुंतवणूक निधीला थोडा वाटा. हे शहाणपणाचं आहे, कारण या खेळात नावं बदलतात आणि कारखाने राहतात. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा जॉर्डन संघ मिडलँड झाला, मग स्पायकर, २००८ ला विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया, २०१८ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून लॉरेन्स स्ट्रोल यांच्याकडे जाऊन रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. २००९ ला स्पामध्ये चालक फिसिकेला फोर्स इंडियाच्या गाडीतून पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेऊन शर्यतीत दुसरा आला तेव्हा इथल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले होते. मालकाची बाकीची धंद्याची घडी विसकटली आणि संघ बुडायला आला, पण गाडी बनवणाऱ्या चारशेएक लोकांचं काम टिकलं. प्रशासक नेमला जाण्यामागे तेव्हा त्या संघाचा चालक असलेल्या, पगार थकलेल्या पेरेझची न्यायालयातली धडपड होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्याच एन्स्टनचा बेनेटन रेनॉ झाला, लोटस झाला, पुन्हा रेनॉ आणि मग अल्पीन. आणि २०२६ पासून रेनॉनं स्वतःचं इंजिनच बंद केलं, अल्पीन मर्सिडीजच्या इंजिनावर आली. फ्रान्समधल्या व्हिरी-शातिलॉनच्या इंजिन कारखान्यातल्या लोकांचं मला फार वाईट वाटलं. २००५ आणि २००६ ची विजेतेपदं त्यांच्या हातची होती.

एकाच मालकाचे दोन संघ हा प्रश्न मी इथे फार लांबवत नाही. रेड बुलकडे दोन आहेत, मॅक्लारेनचे प्रमुख झॅक ब्राउन त्याविरुद्ध उघड बोलतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता एक बातमी, जी आपल्याकडे हवी तेवढी वाचली गेली नाही. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतमालिकेत केटीएमचा कारखाना संघ, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा संघ, आहे. ऑस्ट्रियातली ती कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिला सावरायला पुण्याच्या बजाज ऑटोनं सुमारे ८० कोटी युरोची व्यवस्था केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबा घेतला. केटीएमच्या वरची कंपनी आता बजाज मोबिलिटी या नावानं आहे. म्हणजे प्रिया स्कूटरच्या मागे जे घराणं होतं, त्याच घराण्याच्या कंपनीकडे जगातल्या सर्वोच्च मोटरसायकल शर्यतीतला एक कारखाना संघ आला. आणि तिथेही नियम बदलतायत: २०२७ पासून इंजिन १,००० सीसीवरून ८५०, बोअर ८१ वरून ७५ मिलिमीटर, गाडीची उंची खालीवर करणारी साधनं बंद, इंधन पूर्ण टिकाऊ. मोटोजीपीचे व्यापारी हक्क जुलै २०२५ पासून लिबर्टीकडेच आहेत. नव्या इंजिनाचा खर्च ऐन अडचणीच्या काळात नव्या मालकाच्या अंगावर आलाय. नियम आणि मालकी एकमेकांवर कशी ओढ धरतात हे तुला बघायचं असेल तर पुढची दोन वर्षं केटीएमकडे लक्ष ठेव. चाकण आपल्यापासून तीन तासांवर आहे. तिथे केटीएमच्या मोटरसायकली बनतात. या खेळाशी जोडलेलं काम शोधायचं असेल तर मी तिथून सुरुवात करेन.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच थोडं आलं. बाकी असं कर. एफआयएच्या संकेतस्थळावर २०२६ ची नियमावली मोफत आहे, अक्षरांनुसार विभाग पाडलेले आहेत. तांत्रिक विभाग 'सी' सगळे वाचतात. तू संघांच्या खर्चाचा विभाग 'डी' सुद्धा वाच. कोणता खर्च मर्यादेत धरतात आणि कोणता बाहेर, हे कळलं की संघ कुणाला नोकरीवर ठेवतील, कोणतं काम बाहेर देतील, याचा अंदाज येतो. प्रत्येक तांत्रिक कलमासमोर पेन्सिलनं लिही: हे कोण मोजणार, कशानं, कोणत्या तापमानाला, शर्यतीआधी की नंतर. ज्या कलमासमोर तुला उत्तर सापडणार नाही तिथेच पुढचा वाद होणार.

एफएमएससीआयकडे, म्हणजे भारतातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाकडे, तपासनिसाचं प्रशिक्षण आणि परवाना असतो, त्याचीही चौकशी कर. मुली त्यात फार कमी आहेत आणि हव्या आहेत. गाडी बनवणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी तपासणाऱ्याच्या बाजूला उभं राहावं, डिझाइन करताना हात वेगळा चालतो.

आणि तुमच्या गाडीचं. पेट्रोल गटात इनटेकला २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आवळणारं भोक, असतो, आणि तपासताना हवेचं तोंड बंद केलं की इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर पुढे कुठून तरी हवा शिरतेय असा त्याचा अर्थ. बहुतेक संघ भोक बरोबर करतात आणि जोडावरच्या गास्केटमध्ये अडकतात. थ्रॉटल बॉडीच्या आणि प्लेनमच्या (रिस्ट्रिक्टरनंतरच्या हवेच्या डब्याच्या) जोडांना नुसतं सिलिकॉन फासू नका, फेस घासून सपाट करा, ओ-रिंगसाठी खाच काढा. रिस्ट्रिक्टर थ्रीडी प्रिंट केलेला असेल तर उन्हात ठेवून पुन्हा मोजा. कोइम्बतूरला ट्रॅकवर तो साताऱ्याच्या सकाळीएवढा थंड राहणार नाही. येत्या रविवारी तो भाग घेऊन वर्कशॉपला या, माझ्याकडे २० चं गो-नोगो प्लग गेज, म्हणजे भोक मापात आहे का ते आत घालून बघायचं साधन, आहे, थंड आणि गरम दोन्ही वेळा घालून बघू.